शपथ घेतल्यानंतर

चि. सायली हीस,


शपथविधीचे फोटो ताईने पाठवले. कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये तू थेट आजीसारखी दिसतेस. फोटोखाली कुणीतरी ‘देवदूत’ असं लिहिलंय, ते मात्र मनावर घेऊ नकोस. देवदूताला पगार लागत नाही, नाईट बदलून मागावी लागत नाही आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. तुझा या तिन्हींशी संबंध येणार आहे.

तू म्हटलीस ती शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाची असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती तयार केली. डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करायचं, असं तिच्यात आहे. साहाय्य जरूर कर. पण केसपेपरवरचा डोस खटकला, तर इंजेक्शन भरायच्या आधी विचार. आदराने विचार, पण उत्तर मिळेपर्यंत विचार. राऊंडच्या घोळक्यात लाज वाटेल, वाटू दे.

बाई रात्री दिवा घेऊन रुग्णांमधून फिरायच्या, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, आकड्यांची फार थोड्यांना. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, बाई ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्या हिवाळ्यात तिथले मृत्यू घटले नाहीत, वाढले. फेब्रुवारीत तर शंभरातले चाळीसहून अधिक रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारं उपसायला लावली, हवा खेळती केली आणि मग आकडे उतरले. युद्ध संपल्यावर बाईंनी हेच आकडे खोदून काढले आणि १८५८ मध्ये रंगीत आकृत्यांतून सरकारपुढे मांडले. जखमांपेक्षा कितीतरी जास्त शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले होते. त्यात त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयाची अब्रू जात होती, तरी त्यांनी काही झाकलं नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातली त्यांची शाळा त्यानंतरची, १८६० ची. मला विचारशील तर आपला पेशा दिव्यापेक्षा त्या तक्त्यांतून जास्त घडला. म्हणून टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट अंदाजाने भरू नकोस. तीसच्या तीस पेशंटांपुढे ‘श्वसन २०’ लिहिलेलं दिसलं, की छातीकडे कुणी पाहिलेलं नाही हे इनचार्ज सिस्टरला लांबूनच कळतं.

आपल्याकडे नर्सिंगचं काम भल्या घरच्या बायकांचं नाही, असंच लोक धरून चालले होते. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुणाचीही घाण काढायची! पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन ही संस्था उभी राहिल्यावर रमाबाई रानड्यांनी मुलींना आणि विधवांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला प्रवृत्त केलं, ते हा विरोध अंगावर घेऊन. त्या बायकांना दयेपेक्षा हातात कसब आणि स्वतःची कमाई हवी होती. तुला कुणी ‘सेवा आहे, पैशांचं काय घेऊन बसलीस’ म्हणालं, तर हे आठव.

आता मुंबईच्या केईएम रुग्णालयाबद्दल. तिथलीच परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तेव्हापासून १८ मे २०१५ ला तिने प्राण सोडेपर्यंत परिचारिकांनी तिला तिथेच, मुख्यतः वॉर्ड चारमध्ये सांभाळलं. तिला बेडसोअर होऊ दिला नाही, हे ऐकून लोक ‘किती प्रेम!’ म्हणतात. प्रेम होतंच. पण माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि ते मांस मरायला काही तास पुरतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही. नाईटवाली रागीट असो की थकलेली, घरी तिचं मूल तापाने फणफणलेलं असो, कूस बदललीच पाहिजे. शेवटच्या काळात तिच्याजवळ असलेल्या कित्येक जणी १९७३ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. त्यांच्यापर्यंत हे पोहोचलं ते पाळी बदलताना ओव्हर देण्या-घेण्यातून. ओव्हर घेताना म्हणूनच नुसती वही ऐकू नकोस. बेडपाशी जा, चादर उचल, पाठ बघ. आणि त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, तेही विसरू नकोस. ज्या हातांनी कूस बदलली, त्याच हातांनी हक्कही मागितला. मला यात काही विसंगती दिसत नाही.

नातेवाईक अंगावर धावून आले, तर एकटीने वाद घालू नकोस. सिक्युरिटीला बोलाव, वरिष्ठांना कळव आणि वेळेसकट लिहून ठेव. कोर्स संपला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी लगेच कर; तिच्या नूतनीकरणाची तारीख विसरणाऱ्या खूप जणी पाहिल्या आहेत. आणि पहिल्या पगारात चांगले, मऊ तळव्याचे बूट घे. स्वस्तातले घेशील तर दोन वर्षांत टाचा बोलायला लागतील.

तुझी,
मावशी