‘निवडणुकोत्तर’

वर्गात एकदा मी ‘निवडणुकोत्तर’ या शब्दाचा अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मतदारांनी निवडणुकीत दिलेले उत्तर!” वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. ‘प्रश्नोत्तरे’ या शब्दात ‘उत्तर’ म्हणजे जबाबच ना? मग त्या मुलाचे चुकले कोठे?

मुलांनो, ‘उत्तर’ हा मोठा बहुरूपी शब्द आहे. तो दिशा दाखवतो, जबाब देतो आणि ‘नंतरचा’ असाही अर्थ सांगतो. स्वातंत्र्योत्तर काळ म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा काळ, तसा निवडणुकोत्तर म्हणजे निवडणुकीनंतरचा. लोकोत्तर पुरुष मात्र लोकांनंतर आलेला नव्हे; तेथे ‘उत्तर’ म्हणजे श्रेष्ठ.

1999 साली महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांनी वेगवेगळी लढवली आणि निकालानंतर एकत्र येऊन सरकार स्थापन केले. ही निवडणुकोत्तर आघाडी होय. 2004 साली हेच पक्ष आधी हातमिळवणी करून मतदारांपुढे गेले. ती निवडणूकपूर्व आघाडी. मते मागताना पक्ष एकत्र होते की नव्हते, हे या एकेका शब्दावरून वाचकाला कळते.

‘मतदानोत्तर’ हा शब्द याहून निराळा. बोटाला शाई लागली की निवडणूक संपली, असे अनेकांना वाटते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरला 19 एप्रिल रोजी मतदान झाले, पण मतमोजणी 4 जूनला झाली; मधल्या काळात देशात अन्यत्र मतदान चालूच होते. ते 46 दिवस नागपूरकरांना मतदानोत्तर होते, निवडणुकोत्तर नव्हते.

‘निवडणूक’ हा ‘निवडणे’ या क्रियापदापासून घडलेला मराठी शब्द आणि ‘उत्तर’ संस्कृत. अशा दोहोंचा संधी कडक व्याकरणाला रुचत नाही. मीही काही वर्षे या शब्दाखाली तांबडी रेघ ओढत असे. पुढे लोकांनी तो रुळवला आणि मी शाई आवरली. छापील मजकुरात ‘णू’ दीर्घही आढळतो. परंतु ‘निवडणुका’, ‘निवडणुकीत’ येथे तो ऱ्हस्व होतो, म्हणून मला ‘णु’च बरा वाटतो.

त्या विद्यार्थ्याला मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहावयास लावले: ‘निवडणुकीचे उत्तर’ आणि ‘निवडणुकीनंतरचा’. पहिल्यावर मी काट मारली नाही. ‘वापरात नाही’ एवढेच त्याच्याखाली लिहिले.