खाणीलगतचे पाणी कसे मोजावे?

खाण म्हणजे जमिनीला पाडलेला एक मोठा खड्डा. हा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तो एका अवाढव्य विहिरीसारखा वागू लागतो. खनिज काढायचे तर त्यातील पाणी पंपाने उपसावेच लागते. आणि उपसा सुरू झाला की भोवतालचे भूजल त्या खड्ड्याकडे वाहू लागते. गावच्या विहिरी आटल्या तर गावकरी खाणीला दोष देतात आणि खाणवाले पावसाला. खरे काय ते ठरविण्याचा मार्ग एकच : नियमित मोजमाप.

इब्रामपूर हे पेडणे तालुक्यातील सीमेवरचे गाव. पलीकडे दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे लोहखनिजाची खाण आहे. जुलै 2021 मध्ये त्या खाणीचा बांध फुटला आणि साठलेले पाणी चिखलासह वस्तीत व शेतीत शिरले. कळण्याची नदी पुढे पेडणे तालुक्यात उतरते. म्हणजे खाण एका राज्यात आणि तिचे पाणी दुसऱ्या राज्यात! पाण्याला सीमा ठाऊक नसते. म्हणून मोजणीनेही ती मानून चालणार नाही.

विहिरीची पातळी मोजणे मुळीच अवघड नाही. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे व त्यातून कठड्याची उंची वजा करावी. समजा, एका विहिरीपाशी जमीन समुद्रसपाटीपासून 42 मीटर उंच आहे व पाणी जमिनीखाली 6 मीटरवर आहे. तर जलपातळी 36 मीटर झाली. जवळच्या खाणीच्या तळाचे पाणी 10 मीटर पातळीवर असेल, तर उतार खाणीकडे आहे हे उघड आहे. मात्र मधल्या खडकातून पाणी कितपत झिरपते, यावर परिणामाची तीव्रता अवलंबून राहील. गोव्यात वरचा जांभा सच्छिद्र असतो. खाली भुसभुशीत खनिजातही पाणी असते. मधला चिकणमातीचा थर मात्र पाणी सहसा जाऊ देत नाही. म्हणून उथळ विहिरीबरोबर खोल नलिकाविहीरही पाहावी लागते.

मोजणी वर्षातून निदान चार वेळा व्हावी. केंद्रीय भूजल मंडळही आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये व नोव्हेंबरमध्ये मोजते. शिवाय खाणीपासून दूर, पण तशाच खडकातील एक विहीर तुलनेसाठी निवडावी. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले तर कारण बहुधा पावसाचे. खाणीजवळच अधिक उतरले तर संशयाला आधार मिळतो.

नदीचे नमुने खाणीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंस, एकाच दिवशी घ्यावेत. नुसता खालचा नमुना गढूळ निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. पावसाळ्यात नदी एरवीही गढूळ असते. काय तपासायचे हे खनिजावर ठरते. चंद्रपूर-वणी भागातील कोळशाच्या खाणींत पायराइट असल्यास हवा व पाणी यांच्या संयोगाने आम्ल तयार होते. तेथे सामू व सल्फेट पाहणे अगत्याचे. गोव्याचे लोहखनिज प्रामुख्याने ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने येथे मुख्य शत्रू आहे तरंगणारा लाल गाळ. ओढ्यानदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. हाच गाळ भाटात व शेतात बसला की जमीन घट्ट होते.

सर्वांत मोलाची नोंद मात्र खाण सुरू होण्यापूर्वीची. ती नसेल तर पुढची तुलना करावयाची कशाशी? न्यायालयीन निर्णयांमुळे गोव्यातील खाणी 2012 मध्ये व पुन्हा 2018 मध्ये थांबल्या. 2024 पासून डिचोलीत उत्खननास पुन्हा आरंभ झाला. उपसा थांबलेल्या वर्षांतील पातळी ज्या गावाने वहीत टिपून ठेवली, त्याच्या हाती आज पुरावा आहे; इतरांकडे केवळ आठवण आहे.

टेप, बाटली, वही आणि चिकाटी एवढेच भांडवल यास पुरे. आपल्या गावची एक विहीर प्रत्येक विद्यार्थ्याने दत्तक घेतली, तर पदवी मिळेपर्यंत तीन वर्षांची नोंद तयार होईल. उद्या जनसुनावणीत गावकऱ्याला विचारले जाईल, ‘पुरावा काय?’ तेव्हा ती वही त्याच्या बाजूने बोलेल.