परमुलखातील व्यापार आणि परवाना

परक्या मुलखात धंदा करायचा तर भांडवल लागते, हिंमत लागते आणि परवाना लागतो. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक धंद्याचा खरा धनी कोण, हे त्या कागदावरूनच ठरते.

याचे जुने उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर सापडते. मी म्हणतो ते माहीम मुंबईचे नव्हे, पालघरजवळचे केळवे-माहीम. सोळाव्या शतकात हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, माल, हत्यारे आणि जाण्याचे बंदर लिहिलेले असे. पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेले जहाज मालासह जप्त होई. जहाज व्यापाऱ्याचे, मालही त्याचाच. पण समुद्राचे धनी मात्र दुसरे! १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी माहीमचा किल्ला घेतला व मे महिन्यात वसई जिंकली, तेव्हा या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्ता संपली.

परंतु यजमान देशाने अटी घालूच नयेत, असे म्हणणेही बरोबर नाही. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराची सनद दिली. पुढे कंपनीचे नोकर आपला खाजगी मालही त्याच दस्तकांवर नेऊ लागले आणि देशी व्यापारी जकात भरून नागवला गेला. या तंट्यातूनच नवाब मीर कासीमशी लढाई जुंपली आणि तिचा शेवट १७६४ साली बक्सारला झाला. सैल परवान्याची किंमत आपण अशी मोजली आहे.

आज आपल्याकडची मुले आखाती देशांत जातात. तेथे नोकरीचा परवाना वेगळा व धंद्याचा वेगळा. पहिला माणसाला एका मालकाशी बांधतो. दुसरा त्याला मालक म्हणून ओळखतो. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी मुक्त क्षेत्राबाहेरच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असावा लागे. पुष्कळदा तो भागीदार केवळ नाव देई व वार्षिक रक्कम घेई. १९८५ साली स्थापन झालेल्या जेबेल अलीसारख्या मुक्त क्षेत्रात मात्र पूर्ण मालकी परदेशी माणसाकडे राहू शकते. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत ही ५१ टक्क्यांची अट उरलेली नाही.

हे सारे मी वाचले ते परीक्षेसाठी नव्हे. माझा आतेभाऊ तिकडे वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. त्याला स्वतःचे दुकान थाटायचे आहे. एका दलालाने करारनामा पाठवला. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून तो माझ्याकडे आला. पैसे भावाचे, परंतु परवाना, जागा आणि बँकेचे खाते तिसऱ्याच्याच नावावर, आणि भावाची नोंद ‘कामगार’ अशी! यासाठी आत्याच्या पानवाडीवर कर्ज काढण्याचे घाटत होते. आत्याला मी एवढेच सांगितले, “यात दादा मालक नाही.” सही अद्याप झालेली नाही. आता तो स्वतःच्या नावाने परवाना मिळण्यासाठी काय लागते, याची चौकशी करीत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिला पदवीधर आपणच होणार आहोत. तेव्हा घरातून कोणी परमुलखी धंद्याला निघाला, तर त्याच्या कागदावर तीन गोष्टी आपण अवश्य पाहाव्यात : परवाना कोणाच्या नावाचा, मुदत किती, आणि रद्द करण्याचा अधिकार कोणाचा. पैसे त्यानंतर मोजावेत.