रक्त देण्याआधी

चि. अमेय,


काल फोनवर म्हणालास, "मामा, आता बरं वाटतंय, गोळ्यांनी जीव विटलाय." मागून ताई काही बोलली, तिला तू गप्प केलंस. डोस चुकतायत हे मला तेव्हाच कळलं.

मी रागावलेलो नाही. माझ्या ट्रान्सप्लांटनंतर 70 दिवस झाले असतील, टॅक्रोलिमसच्या संध्याकाळच्या कॅप्सूल लागोपाठ दोनदा राहिल्या. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "सगळे डोस घेतले ना?" मी खुशाल मान डोलावली. रक्तातली पातळी कमी आली, त्यांनी माझ्या शब्दावर डोस वाढवला. त्यानंतर मी नेमाने घेऊ लागलो आणि आठवडाभरात कप बशीवर वाजायला लागला, इतका हात थरथरायचा. क्रिएटिनिनही चढलं. डोस राहिले हे तिथेच सांगितलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

ट्रान्सप्लांटमुळे तुझं रक्त आता तुझ्या बहिणीच्या पेशी बनवतात. त्यांना तुझी कातडी, आतडी, यकृत अजून परकीच वाटतात. टॅक्रोलिमस त्यांना आवरून धरतं, म्हणून तुला बरं वाटतंय. पातळी घसरली तरी अंगाला लगेच कळत नाही. पुरळ, जुलाब, कावीळ मागाहून येतात. बुरशीविरोधी गोळीही मनाने बंद करू नकोस. तिच्यामुळे यकृत टॅक्रोलिमस सावकाश मोडतं आणि तो हिशेब धरूनच तुझा डोस ठरलाय. पपनस खायचं नाही. कुणी प्रेमाने काढा दिला तरी आधी डॉक्टरांना विचार.

तपासणीच्या सकाळची कॅप्सूल डबीत घालून ने. आदल्या डोसला 12 तास होत आले की रक्त द्यायचं, मगच ती घ्यायची. आधी घेतलीस तर पातळी फसवी येते. एखादा डोस राहिलाच तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नकोस, वॉर्डला फोन कर. रात्रीची वेळ जमत नसेल तर बदलून माग, देतात.

आणि एक. पैशांपायी कॅप्सूल पुरवून पुरवून घेत असशील, तर ते मला आजच सांग. ताईला कळायचं कारण नाही. पुढच्या महिन्याच्या मी आणतो.

मंगळवारी मी येतोय तुझ्याबरोबर. सगळ्या स्ट्रिपा आहेत तशा पिशवीत घाल. बाहेर बाकावर बसून मोजू आणि जेवढ्या उरल्या असतील तेवढ्या डॉक्टरांना सांगू.

तुझा,
मामा