इंग्रजीतील संकेतार्थी वाक्ये : मराठीच्या आधाराने अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. वरच्या प्राथमिक वर्गात येईपर्यंत दौंड तालुक्यातील मूल साधी इंग्रजी वाक्ये वाचू लागते. परंतु ‘इफ’ने आरंभ होणारे वाक्य लिहावयाचे आले की ते अडखळते. त्यावरून मुलाची बुद्धी कमी पडते असा समज करून घेणे रास्त नव्हे. शेतकऱ्याच्या घरात ‘पाऊस पडला तर’, ‘कालव्याला पाणी सुटले तर’ हा नित्याचाच विचार असतो. मराठी व्याकरणात यालाच संकेतार्थ म्हणतात. कल्पना मुलाच्या परिचयाची आहे. अपरिचित आहे ते इंग्रजी क्रियापदाचे रूप.

‘पाऊस पडला तर पीक येईल’ हे वाक्य घ्यावे. यातील ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे, पण अर्थ मात्र पुढे घडणाऱ्या गोष्टीचा आहे. एखादे मूल रूपाकडे पाहून ‘इफ इट रेन्ड’ लिहिते, दुसरे अर्थाकडे पाहून ‘इफ इट विल रेन’ लिहिते. दोघांच्याही चुकीमागे विचार आहे. इंग्रजीत अशा ठिकाणी अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ येतो : ‘इफ इट रेन्स, द क्रॉप विल ग्रो.’

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी सायकल घेतली असती’ हे वाक्य आजच्या स्थितीविषयीही असू शकते आणि गतवर्षीच्या जत्रेविषयीही. मराठीत काळाचा निर्णय संदर्भावरून होतो. इंग्रजीत तो क्रियापदालाच करावा लागतो. आज पैसे नाहीत, असा अर्थ असल्यास ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ सायकल’ असे म्हणावे. त्या वेळी पैसे नव्हते, असा अर्थ असल्यास ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ सायकल’ असे म्हणावे.

म्हणून नियमांचा तक्ता पाठ करून घेण्यापूर्वी शिक्षकाने मराठी वाक्य फळ्यावर लिहावे व दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट अजून घडू शकते काय? नसल्यास, ती आजची की होऊन गेलेली? उत्तर मिळाल्यावरच इंग्रजी रूप द्यावे.

सरावासाठी उदाहरणे दूर शोधावयास नकोत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून तेथून मनमाड व बारामतीकडे मार्ग फुटतात. ‘गाडी उशिरा आली तर आपण थांबू’ हे घडू शकणारे वाक्य होय. ‘गाडी वेळेवर आली असती तर बारामतीची गाडी चुकली नसती’ हे होऊन गेलेल्या गोष्टीचे. मुलांनी स्वतःच्या घरची अशी चार वाक्ये प्रथम मराठीत आणावीत, प्रत्येकाचा काळ सांगावा आणि मग ती इंग्रजीत लिहावीत.

वह्या तपासताना केवळ तांबडी खूण करून थांबू नये. चूक रूपाची आहे की काळ ओळखण्याची, हे समासात लिहावे. आपला विचार बरोबर होता व केवळ रूप चुकले, हे ज्या मुलास कळते, ते पुढील वाक्य लिहिण्यास कचरत नाही.