घरच्या घरीं अंडीं उबविण्याविषयीं एक पाठ

गोंदिया जिल्ह्यांतील मुर्रीसारख्या धानाच्या मुलुखांत दारीं चार कोंबड्या असणें ही जुनी रीत आहे. आतां टेबलावर मावेल असें अंडीं उबविण्याचें विजेचें लहान यंत्रही बाजारांत मिळतें. तें घेण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें स्वतःशीं द्यावें: हें यंत्र कोंबडीचें कोणतें काम करितें आणि कोणतें आपल्यावर सोडितें? हें न समजल्यास जीं वीस अंडीं विकून घरांत मीठमिरची आली असती, किंवा जीं मुलांच्या ताटांत पडलीं असतीं, तींच एकविसाव्या दिवशीं उकिरड्यावर जातात.

गांवठी कोंबडी एका वेळीं दहाबारा अंड्यांवर बसते, आणि पिलें मोठीं होईपर्यंत पुन्हां अंडीं घालीत नाहीं. हैदराबादेस तयार झालेल्या वनराजासारख्या सुधारलेल्या जातीची कोंबडी तर सहसा खुडूक होतच नाहीं. म्हणून यंत्राची गरज खरी आहे. ही युक्तिही नवी नव्हे. प्राचीन मिसर देशांत विटामातीच्या भट्ट्यांत हजारों अंडीं उबवीत, आणि तेथील कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीस लावून त्याची ऊब ओळखीत. इ. स. १७४९ मध्यें फ्रान्सांतील रेओम्यूर नामक विद्वानानें ह्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भट्टी गेली व यंत्र आलें, परंतु राखण करणारा मनुष्य तेव्हांही लागे व आजही लागतो.

आतां क्रमानें पाहूं.

पहिलें, अंड्यांची निवड. दुकानांतील पांढऱ्या अंड्यांतून पिलूं निघत नाहीं. कारण त्या कोंबड्यांत कोंबडा ठेवीत नाहींत. आठदहा कोंबड्यांमागें एक निरोगी कोंबडा असेल त्याच कळपाचीं अंडीं घ्यावीं. तीं सात दिवसांहून जुनीं, तडकलेलीं किंवा वेडींवांकडीं नसावीं. यंत्रांत घालीपर्यंत रुंद टोंक वर करून गार जागीं ठेवावीं. अंडीं धुवूं नयेत. धुतल्यानें त्यांवरील नैसर्गिक लेप जातो व कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आंत शिरते.

दुसरें, ऊब. पंखा असलेल्या यंत्रांत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरेनहाइटचे ९९.५ अंश, इतकी ऊब एकवीस दिवस राखावी. यंत्रावरील आंकड्यावर आंधळा विश्वास ठेवूं नये. दुसरें थर्मामीटर आंत अंड्यांजवळ ठेवून ताडून पाहावें. अंडीं घालण्यापूर्वीं यंत्र एक दिवस रिकामें चालवावें.

तिसरें, फिरविणें. कोंबडी चोंचीनें अंडीं दिवसांतून अनेकदां उलटविते. तसें न झाल्यास गर्भ आंतल्या पापुद्र्यास चिकटतो व मरतो. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल पेन्सिलीनें काढावा, आणि अठराव्या दिवसापर्यंत रोज निदान तीनदां अंडें फिरवावें. यंत्र आपोआप फिरवीत असलें तरी ह्या खुणांवरून तें खरोखर फिरतें कीं नाहीं हें कळतें.

चौथें, ओलावा. अठरा दिवस हवेंतील ओलावा ५० ते ५५ टक्के, आणि पुढील तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावा. वजन हा त्याचा चांगला पडताळा आहे. अठरा दिवसांत अंड्याचें वजन सुमारें १२ टक्के घटावें. म्हणजे आरंभीं ४० ग्रॅम भरलेलें अंडें अखेरीस ३५ ग्रॅमच्या आसपास भरावें. फारच घटलें तर पाणी वाढवावें. पुरेसें घटलें नाहीं तर कमी करावें. पावसाळ्यांत हवाच ओली असते, हें ध्यानांत ठेवावें.

पांचवें, पारख. सातव्या दिवशीं अंधारांत अंडें दिव्यापुढें धरावें. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्यास आंत जीव आहे. अगदीं स्वच्छ दिसणारीं अंडीं काढून टाकावीं. तीं कुजून फुटल्यास इतरांचा नाश होतो.

सहावें, अखेरचे तीन दिवस. आतां फिरविणें बंद करावें व झांकण उघडूं नये. कवचास भोंक पडल्यापासून पिलूं बाहेर येईपर्यंत एक दिवसही लागतो. दया येऊन कवच सोलूं नये. आंतल्या शिरा तुटून पिलूं रक्तस्रावानें मरतें. बाहेर आलेलें पिलूं पोटांतील बलकावर एक दिवस सहज राहतें, म्हणून तें वाळेपर्यंत घाई नको.

आमच्या भागांतील दोन संकटें मुद्दाम सांगतों. वीज गेल्यास यंत्रावर गोधडी घालावी, हवेचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं, आणि आंत डोकावूं नये. कोंबडी स्वतः दाणा टिपावयास रोज थोडा वेळ उठते. तेवढ्या गारव्यानें गर्भ मरत नाहीं. उष्णता मात्र लवकर घात करिते. वैशाखांत विदर्भांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, आणि हें यंत्र ऊब देऊं शकतें, थंडावा देऊं शकत नाहीं. म्हणून आमच्या मतें दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ ह्या कामास उत्तम.

पिलें निघालीं म्हणजे कोंबडीचें अर्धेंच काम झालें. पंखाखालीं घेणें उरलेंच आहे. धानाच्या तुसावर कागद अंथरून दिवा घट्ट टांगावा. तो पडल्यास तूस पेट घेतें. पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश ऊब द्यावी, व पुढें दर आठवड्यास तीन अंश कमी करावे. पिलें दिव्याखालीं गोळा झालीं तर त्यांस थंडी वाजते. दूर पळून धापा टाकूं लागलीं तर उष्णता अधिक आहे. सर्वत्र पसरून दाणे टिपूं लागलीं तर सर्व ठीक आहे. पहिल्या आठवड्यांतच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून राणीखेत रोगाची लस द्यावी. हा रोग एकदां शिरला म्हणजे कळपच्या कळप रिकामा करितो.

शेवटीं एक सल्ला. पहिल्या खेपेस थोडींच अंडीं घाला, आणि त्याच दिवशीं एक खुडूक गांवठी कोंबडीही थोड्या अंड्यांवर बसवा. यंत्र बिघडल्यास कांहीं अंडीं तिच्या पोटाखालीं वांचतील. सर्व नीट झाल्यास तिचीं पिलें निघतील त्या रात्रीं यंत्रांतील कांहीं पिलेंही हळूच तिच्याखालीं सारावीं. ती बहुधा त्यांस आपलींच मानील.

सायंकाळच्या वर्गांत विचारावयाचे प्रश्न: १. दुकानांतील अंड्यांतून पिलूं कां निघत नाहीं? २. अंडीं न फिरविल्यास काय होतें? ३. वैशाखांत यंत्र कां चालवूं नये? ४. कोंबडीच्या कामांपैकीं कोणतीं कामें यंत्र घेतल्यावरही आपणांसच करावीं लागतात, आणि आपल्या घरीं तीं एकवीस दिवस कोण करील?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर म्हणून घरांतील एका माणसाचें नांव निघालें, तरच यंत्र विकत घ्यावें.