बुद्धिबळाचा पट व मोहरे : निर्मिती आणि जतन

(इयत्ता ५ वी ते ७ वी : हस्तकला व गणित यांचा जोडपाठ)

प्रास्ताविक

बुद्धिबळाच्या खेळाने मुलांस एकाग्रतेची सवय लागते, हे बहुतेक शिक्षकांस मान्य असते. तथापि पट व मोहरे नाहीत, म्हणून पुष्कळ शाळांत हा खेळ सुरूच होत नाही. आणि जेथे बाजारातून संच आणला जातो तेथे वर्षअखेरीस दोन-तीन प्यादी हरवून तो कपाटात पडून राहतो. आयत्या मिळालेल्या वस्तूचे मोल मुलांच्या मनात सहसा रुजत नाही. तोच संच त्यांनी स्वतः मोजून, घडवून व रंगवून सिद्ध केला, तर भूमितीचा अभ्यास तर होतोच. शिवाय वस्तू जिवापाड जपण्याचा संस्कारही घडतो. हा संस्कार हेच या पाठाचे मुख्य उद्दिष्ट होय.

पाठाची सुरुवात

पुढील हकीगत सांगून पाठास आरंभ करावा. स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस नावाचे बेट आहे. तेथील वाळूत सापडलेले बुद्धिबळाचे पुरातन मोहरे १८३१ साली उजेडात आले. ते बाराव्या शतकातील असून बहुतेक वॉलरस या सागरी प्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेले आहेत. त्यांत ८ राजे, ८ राण्या, १६ धर्मगुरू, १५ घोडेस्वार, १२ पहारेकरी व १९ प्यादी, असे एकूण ७८ मोहरे होते. आपला वजीर म्हणजे तेथील राणी, आपला उंट म्हणजे धर्मगुरू आणि आपल्या हत्तीच्या जागी तेथे पहारेकरी, हे फळ्यावर लिहून दाखवावे.

येथे शिक्षकांनी थांबून विचारावे : राजे ८, तर हे किती संचांचे मोहरे? प्रत्येक संचात २ राजे असल्यामुळे किमान ४ संच, हे उत्तर मुलेच देतील. मग ४ संचांस किती मोहरे हवेत, याचा तक्ता त्यांजकडून करवून घ्यावा. घोडेस्वार १६ हवेत, म्हणजे १ उणा. पहारेकरी १६ हवेत, म्हणजे ४ उणे. प्यादी ६४ हवीत, म्हणजे ४५ उणी. या उण्या पहारेकऱ्यांपैकी एक २०१९ साली ओळखला गेला. १९६४ साली एडिंबरो येथील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तो अवघ्या ५ पौंडांस घेतला होता. त्याची योग्यता घरात कोणास ठाऊक नव्हती. तरीही तो फेकून न देता खणात जपून ठेवला गेला. लिलावात त्यास ७ लाख ३५ हजार पौंड किंमत आली. पैशाचा आकडा ऐकून मुले चकित होतील. परंतु कोणीतरी तो सांभाळला म्हणूनच तो मिळाला, याकडे त्यांचे लक्ष वेधावे.

पट आखणे

जाड पुठ्ठ्यावर किंवा मांजरपाटाच्या तुकड्यावर ३२ सें.मी. बाजूचा चौरस आखावा व भोवती २ सें.मी. किनार सोडावी. प्रत्येक बाजूचे ८ समान भाग केले असता ४ सें.मी. बाजूची ६४ घरे मिळतात. आखणीत काटकोन चुकल्यास शेवटची घरे तिरपी पडतात. म्हणून रंग देण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत, याची खात्री करून घ्यावी. एकाआड एक घरे रंगवावीत. खेळताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातील घर फिक्या रंगाचे यावे, अशा रीतीने पट मांडावा.

भारतातील जुन्या पटांवर घरे दोन रंगांची नसत. नुसत्या रेषा असत. घरे आलटून पालटून रंगविण्याची पद्धत पुढे युरोपात रूढ झाली. म्हणून ज्या शाळेस रंग मिळणार नाही, तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने पट आखला, तरी त्यात उणेपणा नाही.

मोहरे घडविणे

पूर्वी मोहऱ्यांचे आकार ठिकठिकाणी इतके भिन्न असत की परक्या संचावर खेळणाऱ्याचा गोंधळ होई. १८४९ साली लंडन येथे जॅक्स यांच्या कारखान्याने नवा नमुना विक्रीस आणला व त्यास हॉवर्ड स्टाँटन या नामांकित खेळाडूचे नाव दिले. प्रत्येक मोहरा चटकन ओळखू यावा व बूड जड असल्याने उभा राहावा, हे त्याचे गुण होत. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाच नमुना रूढ आहे. आपल्या देशात अमृतसर येथील कारागीर अशा लाकडी संचांसाठी प्रसिद्ध आहेत.

शाळेत हे मोहरे कुंभाराच्या मातीचे करावेत. वरील पटास पुढील मापे योग्य होतात :

राजा – उंची ६.५ सें.मी.
वजीर – ६ सें.मी.
उंट – ५ सें.मी.
घोडा – ४.५ सें.मी.
हत्ती – ४ सें.मी.
प्यादे – ३.५ सें.मी.

राजाच्या बुडाचा व्यास ३ सें.मी. व प्याद्याच्या बुडाचा २ सें.मी. ठेवावा. एका घरात चार प्यादी नेमकी मावली, तर माप बरोबर आले असे समजावे. माती वाळताना आकसते, म्हणून ओले मोहरे किंचित मोठे करावेत. ते सावलीत पूर्ण वाळल्यावाचून भट्टीत देऊ नयेत. आत ओल राहिल्यास ते फुटतात. भाजल्यावर एक सैन्य मूळच्या तांबड्या रंगाचे ठेवावे व दुसऱ्यास खडूची पूड डिंकात कालवून पांढरा रंग द्यावा. गावात कातारी असल्यास त्याजकडे मुलांस नेऊन लाकडी मोहरा कसा उतरतो, हे दाखवावे.

मोजदाद व जतन

प्रत्येक सैन्यास वेगळी पिशवी शिवावी व मातीचे मोहरे चिंध्यांत गुंडाळून ठेवावेत. कापडी पटाची घडी न घालता गुंडाळी करावी. घडीच्या सुरकुतीवर मोहरे कलंडतात. खेळ संपताच दोन मुलांनी १६ आणि १६ असे मोजून वहीत सही करावी. वर्षअखेरीस वरच्या वर्गाने संच मोजून खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावा.

इतके करूनही एखादे प्यादे हरवेल. अशा वेळी मुलास शिक्षा केल्यास पुढील खेपेस हरवल्याची वार्ताच शिक्षकांपर्यंत येणार नाही, आणि मोजदादीची वही खोटी होईल. ज्याच्या हातून प्यादे हरवले, त्यानेच त्याच मापाचे नवे घडवून संचात ठेवावे, एवढा नियम पुरेसा आहे. जुने सापडल्यास तेही जपून ठेवावे. स्वतः केलेली चूक स्वतःच्या हातांनी भरून काढता येते, हा धडा त्या मुलास कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक काळ पुरेल.

पाठानंतर विचारावयाचे प्रश्न

१. पटाचे एकूण क्षेत्रफळ किती? एका घराचे किती?
२. पटावर लहानमोठे मिळून एकूण किती चौरस दिसतात? (उत्तर : २०४)
३. लुइस बेटावरील उण्या मोहऱ्यांची एकूण संख्या किती? (उत्तर : ५०)
४. घरातील कोणती जुनी वस्तू आजवर जपली गेली आहे? ती कोणी जपली, हे घरी विचारून यावे.